विस्तव झाकला म्हणजे विझला नव्हे



मार्गशीर्ष सरत आला की लातूर-नांदेडच्या शिवारात जागोजाग धूर दिसू लागतो. येळवशीला घरची सगळी मंडळी, लेकी-जावई, सोयरेधायरे शेतात जमतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील पोटभर होते आणि दिवस कलला की कितीतरी गावांत पेटती पेंढी पिकाभोवती फिरवतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला त्याच सुमारास खंडोबाची जत्रा भरते. तिथे दूरदूरची माणसे पाल ठोकून राहतात आणि पालापालापुढे तीन दगडांची चूल मांडलेली असते. पौषात ज्वारी चिकात आली की हुरड्याच्या आगट्या पेटतात. रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या गड्याची शेकोटी तर रोजचीच. म्हणजे संक्रांतीच्या मागचापुढचा सारा काळ आपण उघड्यावर, विस्तवाच्या संगतीत काढतो.

आगटी पेटवायची कशी, हे आपल्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण विझवायची कशी, असे विचारून पाहा. बहुतेक जण सांगतील, "त्यात काय, दोन फावडी माती लोटली की झाले."

इथेच गफलत आहे. जरा आठवा. घरात काडेपेटी जपून वापरावी लागे त्या काळी आपल्या आज्या-पणज्या चुलीतला विस्तव रात्रभर कसा राखत? गोवरीचा लाल तुकडा राखेत पुरायचा आणि वरून आणखी राख दाबून द्यायची. पहाटे राख बाजूला सारून एक फुंकर मारली की निखारा पुन्हा लालबुंद. स्वतःचा विस्तव विझलाच, तर शेजारणीकडून गोवरीच्या खापरीवर मागून आणायचा. राखेखाली आणि मातीखाली निखारा झाकणे ही विस्तव जिवंत ठेवण्याची युक्ती आहे. आजीने जे विस्तव टिकावा म्हणून केले, तेच आपण विस्तव विझावा म्हणून करतो आणि निर्धास्त मनाने गाडीत बसून घरी येतो!

असे का होते तेही समजून घ्या. जाळाला वारा भरपूर लागतो. निखाऱ्याला मात्र अगदी थोडा पुरतो, आणि भुसभुशीत मातीच्या फटींतून तेवढा त्याला मिळतो. शिवाय राख ही गोधडीसारखी आहे. आतली धग ती बाहेर जाऊ देत नाही. गोवरी तर आतून हळूहळू धुमसत जाणारीच वस्तू. वरून पांढरी, थंड दिसते. मोडली की पोटात लाल.

दुसरे दिवशी सकाळी काय होते? पोरे शेतात खेळायला येतात, तीही अनवाणी. मऊ माती दिसते म्हणून त्यात पाय घालतात. मोठ्या माणसाचा पाय राठ असतो, चटकन मागे येतो. तीन-चार वर्षांच्या लेकराला पाय मागे घ्यायचे सुचतच नाही. ते जागच्या जागी उभे राहून रडते. आणि लेकरू नाही आले, तर रात्री वारा येतो. वरची माती उडते, निखारा उघडा पडतो, एखादी ठिणगी वाळल्या पाचोळ्यात जाते. तिथून कडब्याची गंजी किती लांब? गंजी म्हणजे जनावरांचे वर्षाचे पोट. ऐन उन्हाळ्यात कडबा विकत घ्यायची पाळी ज्याच्यावर आली, त्याला हे सांगायला नको.

आपल्या काळ्या रानाचा एक वेगळा धोका आहे. कोरडवाहू रानाला या दिवसांत भेगा पडू लागतात आणि पुढे पुढे त्या रुंद होतात. निखारा भेगेत पडला की डोळ्यांआड होतो आणि आतल्या वाळल्या मुळ्या-धसकटांत धुमसत राहतो. झाडाखालचीही तीच गत. लिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत चूल मांडणे बरे वाटते, पण जुन्या झाडाच्या बुंध्याला ढोली असते, मुळ्या पोकळ असतात. विस्तव एकदा आत शिरला की वरून काही न दाखवता झाड आतून खात राहतो. बांधावरचा आजोबांच्या हातचा आंबा एका दुपारच्या खिचडीसाठी जाळायचा का?

तेव्हा जागा निवडताना नांगरून मोकळे पडलेले रान बरे. वर फांदी नको, विजेची तार नको. गंजी, कोप, खळे, उसाचा फड, वाळलेला हरभरा यांपासून निदान पन्नास पावले दूर जावे आणि ते सगळे वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहील असे पाहावे, म्हणजे ठिणगी उडाली तर मोकळ्या रानाकडे जाईल. मूठभर माती वरून सोडून पाहिली की वारा कळतो. चारी बाजूंना पाच-पाच हात जागा झाडून घ्यावी. भेगा असतील तर माती खोदून बुजवाव्यात, मगच आगटी खणावी. हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा दहा-बारा माणसांच्या हुरड्याला पुरतो. खणलेली माती काठाला गोल लावून ठेवावी. चुलीला दगड घ्यायचे तर कोरडे घ्यावेत. ओढ्यातला, विहिरीच्या थारोळ्यातला ओला दगड तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि कपऱ्या थेट तोंडावर येतात.

आणि काडी ओढण्याआधी पाण्याची घागर शेजारी आणून ठेवावी. ही गोष्ट लोक नेमकी विसरतात. मोटार चालू आहे, विहीर जवळ आहे, या भरवशावर राहू नये. वीज जायची वेळ काय सांगून येते?

जळणाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण त्यात आपल्याकडे पुष्कळ निवड आहे आणि निष्काळजीपणाही आहे. पेटवण्यासाठी ज्वारीची वाळली पाने आणि तुराट्या. तुराटी हलकी असते, चटकन धरते आणि चटकन संपते. पऱ्हाटी थोडी जास्त तग धरते. सोयाबीनच्या भुसकटाचा मोह टाळावा. भपकन पेटते, उडते आणि पेटलेले कण लांब नेऊन टाकते. चुलीला बाभळीचे लाकूड उत्तम, निखारा छान पडतो. हुरड्याला मात्र गोवरीला तोड नाही. कणीस भाजायला जाळ नको असतो, धग हवी असते. जाळ पूर्ण बसू द्यावा, गोवऱ्यांवर पांढरी राख धरली की कणसे त्या गरम राखेत आणि निखाऱ्यांत खुपसावीत, फिरवत राहावीत. घाईने जाळावर धरलेले कणीस वरून करपते आणि आत कच्चे राहते. मग गोणपाटावर चोळून पाखडले की गुळभेंडी असो, सुरती असो, तीळ किंवा कारळाच्या चटणीबरोबर त्याची चव काय वर्णावी! (ज्या तुकड्यावर नुकतेच औषध फवारले आहे, त्यातली कणसे आणू नयेत, हे ओघात सांगून ठेवतो.)

आता काय जाळू नये ते. कण्हेरीची काडी जळणालाही नको, वांगे-कणीस खुपसून भाजायला तर मुळीच नको. तिचे सगळे अंग विषारी. किनवट-माहूरकडच्या मंडळींना बिब्ब्याचे झाड ठाऊक आहे. त्याचे लाकूड जाळले तर धुराने तोंड सुजते, अंगावर फोड येतात. गाजरगवताचे वाळलेले भारे आगीत टाकू नयेत. औषधांचे रिकामे डबे, ठिबकच्या नळ्या, खताच्या पिशव्या, जुने टायर हा शेतातला कचरा शेकोटीत घालून 'साफसफाई' करण्याची जी खोड लागली आहे ती फार वाईट. तो धूर लेकरांच्या छातीत जातो, आणि औषधाचा बंद डबा आगीत फुटतोही.

ओले जळण पेटेना म्हणून गाडीतले पेट्रोल काढून ओतणारे तरुण हल्ली दिसतात. पेट्रोल ओतताना त्याची वाफ आधीच चहूकडे पसरलेली असते. काडी ओढली की आग जळणाला लागत नाही, माणसाला लागते. विझत आलेल्या आगटीवर रॉकेल ओतले तरी तोच प्रकार. जाळ धारेवरून वर चढून डब्यापर्यंत येतो. त्यापेक्षा कोरडी गोवरी मोडून बारीक करावी, खाली तुराट्यांची जाळी रचावी, हवेला वाट ठेवावी. पेटत नाही म्हणजे बहुधा जळण दाबून भरलेले असते.

माताभगिनींनी पदर खोचून घ्यावा, आणि नायलॉनची साडी त्या दिवशी पेटीत राहू द्यावी. ते कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. रात्री पाणी देणाऱ्या गड्यांनीही ध्यानात घ्यावे की हल्लीच्या मऊ रंगीत ब्लँकेटांची तीच तऱ्हा आहे. जुनी घोंगडी बरी. लोकर सहसा भपकन पेटत नाही. तरी शेकोटीला चिकटून झोपू नये ते नाहीच.

थंडी सोसेना म्हणून घमेल्यात निखारे भरून कोपीत किंवा आखाड्यावरच्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. हे कधीही करू नका. धुमसत्या निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, ठसकाही लागत नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस पुन्हा उठत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत जिवावर बेतते. बंद खोलीत एक घोंगडी जास्त घ्यावी, विस्तव बाहेरच असू द्यावा.

जत्रेत पालाला पाल लागलेले असते, त्यामुळे एकाची चूक दहा जणांना भोवते. चूल पालाच्या दाराशी मांडण्याऐवजी दोन-तीन घरांनी मिळून थोडी दूर एक चूल करावी. कारखान्यावर उतरलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांनाही हेच लागू. पाचट, ताट्या आणि ताडपत्री यांना पेटायला निमित्तच हवे असते. माहूर-किनवटच्या राखीव जंगलात तर विस्तव पेटवणे आणि पेटता सोडून जाणे हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. फाल्गुनात सागाची पाने गळून खाली जाड थर साचतो तेव्हा मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करण्याचा मोहही आवरावा.

आता विझवण्याकडे येऊ. निघायच्या निदान अर्धा तास आधी नवे जळण घालणे बंद करावे. उरलेली लाकडे बाहेर न ओढता आतच मोडून पसरावीत. मग बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि हाताने पाणी शिंपडत जावे. एकदम घागर पालथी केली तर गरम वाफ आणि राख अंगावर उसळते. शिंपडावे, काठीने ढवळावे, गोवऱ्या फोडाव्यात, पुन्हा शिंपडावे. फुसफुस आवाज येतो तोवर आत विस्तव आहे असे समजावे. राखेचा पातळ चिखल झाला पाहिजे. शेवटी तळहात नव्हे, हाताची मागची बाजू राखेच्या वर धरून पाहावी. उब लागली तर आणखी पाणी. काहीच लागले नाही तर हलकेच टेकवून पाहावे. जिथे हात ठेववत नाही, तिथून निघू नये. मातीचे काम यानंतरचे. खड्डा बुजवायचा तो असा थंड झाल्यावर.

पाण्याची नासाडी होते, असे कुणी म्हणेल. लातूरकरांना पाण्याचे मोल सांगायची माझी छाती नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेला हा जिल्हा. पण दोन घागरींचा हिशेब गंजीशी घालून पाहा. आणि खरेच पाणी नसेल, तर आगटी लहानच करावी आणि विझवायला वेळ हाताशी ठेवावा. निखारे मोकळ्या मातीवर पातळ पसरावेत, एकेक फोडावा, खालच्या ओलसर मातीत कालवत राहावे. ढीग करून झाकू नये. पसरलेला निखारा लवकर निवतो, ढिगातला जगतो. यात तासभर जातो. तेवढा वेळ एकाने थांबावे.

एवढे करूनही कुणाला भाजलेच, तर आधी गार पाणी. साधे, वाहते पाणी वीस मिनिटे भाजल्या जागेवर सोडावे. बर्फ नको. हळद, तूप, शाई, दात घासायची पेस्ट यांतले काही लावू नये. जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते, दुखणे दुप्पट. बांगड्या, अंगठी, जोडवी सूज यायच्या आत उतरवावीत. चिकटलेले कापड ओढू नये, भोवतालचे कापावे. फोड फोडू नयेत. धुतलेला सुती कपडा सैल टाकून दवाखाना गाठावा, आणि तोंड, हात किंवा लेकराचे अंग भाजले असेल तर थेट 108 ला फोन करावा. अंगावरचे कापड पेटलेल्याने पळू नये. त्याला खाली पाडून लोळवावे, घोंगडी टाकावी, पाणी ओतावे.

राहिली राख. बायका ती भांडी घासायला, भाजीच्या वाफ्याला घेऊन जातात, ते चांगलेच आहे. फक्त त्याच दिवशी गोणीत किंवा प्लास्टिकच्या पोत्यात भरू नये आणि घरी आणून कडब्याशेजारी तर ठेवूच नये. दुसरे दिवशी शेतात जाल तेव्हा एकदा काठीने उकरून पाहावी आणि मग पाटीत भरावी.