हस्ताचा पाऊस आणि ठेकेदाराचा हप्ता

मे महिन्यात नगरच्या उपनगरांमधून चक्कर मारा, दर चार घरांआड एका गच्चीवर रोलर फिरत असतो. खाली प्लास्टिकचे डबे, वर पांढराशुभ्र थर, आणि जिन्यातून उतरणारा ठेकेदार म्हणतो, "काका, आता दहा वर्षं वर बघायला नको." पैसे चुकते होतात. जूनमध्ये थोडी भुरभुर होते, जुलैत ढग नुसतेच येतात नि जातात. छत गळत नाही. ठेकेदाराचं नाव आपण मेव्हण्यालाही सांगून मोकळे होतो.

पण गळायला पाऊस झालाय कुठं? नगर जिल्हा, अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडला तर, सह्याद्रीच्या पाठीमागे पडतो. इथं सर्वांत जास्त पाऊस जून-जुलैत नाही, सप्टेंबरात पडतो. उत्तरा नक्षत्रात आभाळ भरून येतं, 27 सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागतो आणि मग रात्र-रात्र कोसळतो. मेमध्ये केलेल्या कामाची परीक्षा तेव्हा असते, आणि तोवर ठेकेदाराचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' गेलेला असतो. म्हणून माझं एकच म्हणणं आहे: या जिल्ह्यात छताचं काम देताना शेवटचा हप्ता दसरा-दिवाळीच्या दरम्यान द्यायचा, आणि ही अट काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून घ्यायची. जो ठेकेदार यावर हसतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

धाब्याच्या घरांना अशी अट घालावी लागत नव्हती. तुळया, त्यांवर सर, वर किलचन, मग पाला आणि सर्वांत वर गावठाणातली पांढरी माती. मृगाच्या तोंडावर नवी पांढरी टाकून, पाणी शिंपडून धाबं चोपून घ्यायचं. गळलंच तर घोंगडं पांघरून भर पावसात वर चढायचं आणि ती जागा पायानं दाबायची. उगाच गळे काढायला नकोत, पावसाची झड लागली की धाबी बसायची आणि माणसं त्याखाली सापडायची. पण धाबं घालणारा गावातला असे, पुढच्या मृगाला त्याच घरी येई. त्याला तोंड चुकवायला जागा नव्हती. स्लॅब आला आणि हे वर्षावर्षाचं येणं-जाणं संपलं. आता ठेकेदार एकदा येतो, आपण एकदाच पैसे देतो.

मग पारखायचा कसा? 'केलेली कामं दाखवा' म्हटलं की तो मोबाइलमधले फोटो दाखवतो. फोटोतली गच्ची कधीच गळत नाही. तीन-चार वर्षांपूर्वीचं काम बघायला मागा, आणि ती वर्षं पावसाची होती का हेही आठवा; 2018 सारख्या दुष्काळी सालात सगळेच ठेकेदार उत्तम ठरतात. 2025 च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे जो पाऊस झाला, त्यात कोरडं राहिलेलं एखादं घर त्यानं दाखवलं तर ते खरं प्रमाणपत्र. तिथं गेल्यावर मालकाला नव्हे, घरातल्या बाईला विचारा. बादली कुठल्या खोलीत ठेवावी लागली, हे तिलाच ठाऊक असतं.

दुसरी खूण म्हणजे तो वर गेल्यावर काय बघतो. नवशिका सरळ टेप काढतो आणि स्क्वेअर फुटाचा दर सांगतो. जाणता आधी पन्हळीपाशी वाकतो, पॅरापेटच्या पायथ्याशी सिमेंटचा गोलाकार वाटा सुटलाय का ते चाचपतो, ढाळ कुठं मोडलाय ते बघायला बादलीभर पाणी ओततो. आणि एक प्रश्न विचारतो: "मार्च-एप्रिलमध्येपण ओल असते का?" असेल तर दोष पावसाचा नाही, टाकीचा किंवा पाइपाचा आहे. दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात गच्च्यांवर टाक्यांची गर्दी असते, आणि टाकीच्या बुडाशी झिरपणाऱ्या पाण्यासाठी लोक अख्ख्या गच्चीला केमिकल लावून घेतात. हा प्रश्न विचारून स्वतःचं काम लहान करून घेणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. काम झाल्यावर पन्हळी बुजवून दोन दिवस गच्चीवर पाणी साठवायला लावा. खरा मिस्तरी याला नाही म्हणत नाही.

पत्र्याच्या छताची फसवणूक वेगळी, ती वजनात असते. बोलणं 'पॉइंट पाच'चं होतं आणि येतो 'पॉइंट चार'. डोळ्यांना फरक कळत नाही, काट्याला कळतो. चार फूट रुंदीच्या पट्टीपासून केलेला दहा फुटी पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा असेल तर चौदा-साडेचौदा किलोच्या आसपास भरतो, पॉइंट चारचा बाराच्याही आत. गाडीतून उतरवतानाच एक पत्रा तोलून घ्यावा. पातळ पत्रा वळवाच्या वादळात आधी फडफडतो, मग स्क्रूभोवती फाटतो. त्यावर दगड ठेवणं हा उपाय नव्हे. वाऱ्यानं पत्रा उचलला की तो दगड अंगणात नाहीतर खाटेवर येतो. (छपराची काळजी नाही असा जिल्ह्यात एकटा शिंगणापूरचा शनिदेव, उघड्या चौथऱ्यावर उभा. त्याचं बरं आहे.)

अलीकडे छतावर सोलरवाल्यांची भर पडली आहे. स्टँड बसवायला तो स्लॅबला भोकं पाडतो, चांगला टिकलेला थर फोडतो आणि निघून जातो. पुढं सोलरवाला वॉटरप्रूफिंगवाल्याकडे बोट दाखवतो, तो सोलरवाल्याकडे. सोलर आधी, थर नंतर, हा क्रम ठेवला तर अर्धं भांडण वाचतं.

उरला कागद. आपल्याकडे उचल द्यायची रीत जुनी, पण उचल दिल्याची नोंद कुठंच नसते. साध्या कागदावर मालाचं नाव, थरांची संख्या, हप्ते, गॅरंटी आणि ती कोण देतो, माल बनवणारी कंपनी की लावणारा ठेकेदार, एवढं लिहून दोघांनी सह्या केल्या आणि पैसे बँकेतून दिले की पुरे. हा कागद हातात असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या कामाच्या तक्रारीला शुल्क नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. 'दहा वर्षांची गॅरंटी' नुसती तोंडी असेल तर आयोगापुढं ठेवणार काय?

अर्थात दसऱ्याची ही अट घाटघर-रतनवाडीकडच्या कोणी घालू नये. तिकडं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, कौलं चाळून घर शाकारणाऱ्याचा निकाल आषाढातच लागतो. तिथल्या मिस्तरीचे पैसे नागपंचमीला चुकते करून टाकावेत.