दोन गुलाबजाम, 19 रुपये 10 पैसे

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



मी पुण्यात राहते. एकटी राहते, हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी तक्रार त्या एका शब्दावर उभी आहे. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. कुठेही बेरीज छापलेली दिसली की ती पुन्हा करून बघायची खोड तिथलीच.

गेल्या नोव्हेंबरात मला तीन दिवस ताप होता. तिसऱ्या संध्याकाळी तो उतरला आणि सपाटून भूक लागली, पण ओट्याशी उभं राहायचं त्राण नव्हतं. बंगळुरूहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मागव की." मोबाइलमध्ये ॲपही तिनेच घालून दिलंय. मी चष्मा लावला आणि कोपऱ्यावरच्याच एका उपाहारगृहाची मूगडाळ खिचडी शोधली. किंमत 130 रुपये. तिथे जाऊन खाल्ली तर हीच खिचडी 105 ला मिळते हे मला ठाऊक होतं, पण जाता येत नव्हतं म्हणूनच तर मागवत होते. तेवढे 25 मी मनातल्या मनात सोडून दिले.

पुढच्या पानावर पॅकिंगचे 15 आले. त्याच्या पुढे पोचवण्याचे 35. मागणी लहान आहे म्हणून 20. प्लॅटफॉर्म फी 12. शेवटी कर: खिचडी आणि डब्यावर पाच टक्क्यांनी 7 रुपये 25 पैसे, उरलेल्या तीन आकारांवर अठरा टक्क्यांनी 12 रुपये 6 पैसे. एकूण 231 रुपये 31 पैसे. बेरीज बरोबर होती. मी दोनदा केली.

खरी गंमत त्याच पानाच्या तळाशी होती. आणखी 69 रुपयांचं काही घ्या, म्हणजे पोचवणं फुकट आणि लहान मागणीचा आकारही माफ, असं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली दोन गुलाबजामांचं चित्र, किंमत 70. मला मधुमेह आहे. तरीही बोट गेलंच, कारण हिशेब काय होतो ते मला बघायचं होतं. पदार्थांचे झाले 200, दोन डब्यांचे पॅकिंग 25, प्लॅटफॉर्म फी 12, कर धरून 250 रुपये 41 पैसे. म्हणजे नुसती खिचडी 231.31 ला आणि खिचडी अधिक गुलाबजाम 250.41 ला. सत्तर रुपयांची गुलाबजामांची जोडी मला 19 रुपये 10 पैशांना पडत होती. मी ती घेतली आणि खालच्या वॉचमनला देऊन टाकली. तो खूश झाला. मी मात्र रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार करत होते, की मी जेवण विकत घेतलं की कमी भूक असल्याचा दंड चुकवला?

आता दुसरी बाजू. अमुक रकमेच्या खाली घरपोच नाही, या अटीवर माझा राग नाही. बरी झाल्यावर मी त्या उपाहारगृहाच्या मालकांना गाठलं. ते म्हणाले, "काकू, एक खिचडी भरा नाहीतर दहा थाळ्या, डबा भरणारा तोच, फेरी तीच. पूर्वी आमचा पोऱ्या घरपोच द्यायचा तेव्हा आम्हीही तीनशेच्या खाली देत नव्हतो. गल्ल्यावर पाटीच होती." मला ती पाटी आठवते. पाटी वाचून आम्ही कधी शेजारणीला विचारायचो, कधी घरी पिठलं टाकायचो. त्या पाटीत एक सरळपणा होता, ती दारातच नाही म्हणायची. आताचं ॲप कुणालाच नाही म्हणत नाही. ते हो म्हणतं, आत बोलावतं, बसवतं, पदार्थ निवडायला लावतं आणि तुमची भूक पुरती पेटली की शेवटच्या पानावर सांगतं, तुम्ही फार थोडं मागवलंत.

25 रुपयांच्या फरकाचंही मी त्यांना विचारलं. ॲपवाले प्रत्येक मागणीमागे टक्के कापून घेतात, मग आम्ही तिथे भाव चढवून लावतो, असं सरळ उत्तर मिळालं. कमिशनचं हे दुखणं त्यांच्या एकट्याचं नाही. राष्ट्रीय उपाहारगृह संघटनेने झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल 2022 मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. ते प्रकरण आपल्या कक्षेतलं नाही हे मी जाणते. मला एवढंच दिसतं, की पैसे दोन्ही खिशांतून निघतात आणि डबा आणणाऱ्या मुलाला विचारलं, "बाळा, हे पोचवण्याचे पैसे तुला मिळतात का?" तर तो हसून म्हणतो, "आमचं गणित वेगळं असतं, मॅडम." ते 35 रुपये पूर्ण त्याच्या हातात पडणार असतील तर मी आनंदाने देईन. पावतीवर तसं लिहावं मात्र.

प्लॅटफॉर्म फी हा प्रकार तर मला अजून उमगलेला नाही. या दोन्ही कंपन्यांनी 2023 मध्ये तो दोन रुपयांनी सुरू केला. ऑक्टोबर 2024 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, दोन्हीकडे तो दहावर गेला आणि पुढच्या सप्टेंबरात झोमॅटोने बारा केला. दुकानदाराने दुकानाचं भाडं भावात धरावं, हे आपण समजू शकतो. पण उंबरठा ओलांडण्याचे वेगळे पैसे मागणारा वाणी मी अजून पाहिलेला नाही. बाराशेच्या मागणीला बारा रुपये म्हणजे शेकडा एक. माझ्या खिचडीला शेकडा नऊच्या वर. ठरावीक रकमेचा आकार नेहमी लहान गिऱ्हाईकालाच चावतो. बँकेत किमान शिलकीचा दंड लावताना हे मी काउंटरच्या पलीकडून पाहिलंय. ज्यांच्या खात्यात थोडे असत त्यांचेच आणखी थोडे होत. तेव्हा मी तो दंड मुकाट लावत होते, हेही इथे कबूल करते.

एकटं जेवणारं माणूस हे धंद्यातलं लोढणं आहे असं यांना का वाटतं, कोण जाणे. आपल्याकडे घराबाहेरच्या जेवणाचा एक मोठा धंदा एकट्या माणसांवरच उभा राहिला होता. गिरणगावात बिऱ्हाड गावी ठेवून आलेला कामगार खानावळ लावायचा, महिन्याचे पैसे ठरलेले असायचे आणि ताट एकाचंच असायचं. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मुंबईचे डबेवाले 1890 पासून एकेका माणसाचा एकेक डबा नेताहेत. त्यांना हे परवडलं ते महिन्याच्या ठरलेल्या पैशांमुळे आणि एका फेरीत अनेक डबे नेल्यामुळे. किमान मागणी तिथेही होतीच. फक्त ती एका जेवणाची नव्हती, महिन्याची होती, आणि पहिल्या दिवशी तोंडावर सांगितलेली होती.

त्याच 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. माझी थोरली बहीण डोंबिवलीला त्यांच्या एका संघात होती. शेजारपाजारच्या घरांची एकत्र यादी जायची, महिन्याचा माल एका घरी उतरायचा आणि दिवाणखान्यात सतरंजी टाकून सगळे वाटून घ्यायचे. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं, हे त्या बायकांना कुणी हिरव्या अक्षरांत सांगावं लागलं नाही. त्या मिळून डाळ घ्यायच्या. मी एकटीने गुलाबजाम घेतले. फरक एवढाच.

आता आपल्याकडे वळते. 30 नोव्हेंबर 2023 रोजी आपण डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. त्यात ग्राहकाला गुंडाळण्याच्या तेरा तऱ्हा नोंदल्यात, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्यातलीच एक ड्रिप प्रायसिंग: किंमत एकदम न सांगता थेंब थेंब उघड करायची. ठिबक सिंचन आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. त्यात निदान पाणी वाचतं. जून 2025 मध्ये आपण ऑनलाइन विक्रेत्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलंत आणि नोव्हेंबरात बातमी आली, की 26 कंपन्यांनी आपल्याकडे असलं काही नसल्याची स्वयंघोषणा दिली आहे. महोदय, बँकेत दर संध्याकाळी मी माझी कॅश स्वतःच मोजत असे. पण म्हणून ऑडिटर यायचा थांबला नाही.

कंपन्या म्हणतील, आम्ही लपवलं कुठे, पैसे भरायच्या आधी सगळं दाखवतो. दाखवतात, खरं आहे. पण कधी? एकशेतीस रुपयांच्या पाटीवर भाव ठरतो, मन बनतं, आणि दोनशे एकतीस दिसतात तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात. अशा वेळी परत मागे जाऊन दुसरं दुकान बघणारा माणूस विरळा. दोन उपाहारगृहांची तुलना करायची तर दोन्हीकडे टोपली भरून शेवटच्या पानापर्यंत जावं लागतं.

माझी मागणी छोटी आहे, लहान मागणीचा आकार लागेल इतकी छोटी. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर सर्व करांसहित कमाल किंमत छापावी लागते. तसा ॲपवरच्या प्रत्येक पदार्थाखाली एकच आकडा हवा: हा एकच पदार्थ मागवला तर माझ्या दारात कितीला पडेल. पॅकिंग, पोचवणं, फी, लहानपणाचा दंड, कर, सगळं धरून. आणि त्याच्या शेजारी, कितीच्या वर घेतलं तर दंड माफ होतो ते. यादीच्या पहिल्या पानावर, पदार्थ टोपलीत टाकण्याआधी. हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. ॲप उघडल्या उघडल्या माझं घर कुठे आहे आणि तिथे यायला किती मिनिटं लागतील हे त्याला ठाऊक असतं. बेरीज त्याहून सोपी आहे. पावसात किंवा गर्दीच्या वेळी दर वाढतो, तर आकडाही वाढू दे. मला दिसला म्हणजे झालं.

एक गोष्ट सरकारकडेही पोचवावी. 22 सप्टेंबर 2025 पासून पोचवण्याच्या आकारावर अठरा टक्के कर लागतो. आजारी माणसाच्या दारात खिचडी आणण्यावर, खिचडीवरच्या कराच्या साडेतीन पटीहून जास्त दराने कर का, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आपलं उत्तर येईपर्यंत आम्ही आमच्यापुरती सोय केली आहे. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यातल्या तिघी एकेकट्या. दर गुरुवारी आम्ही मिळून मागवतो. आज माझी मूगडाळ खिचडी आहे, समोरच्या काकूंचा दहीभात आहे, आणि कडेच्या मुलीला, ती परीक्षेचा अभ्यास करतेय, नुसता ताकाचा ग्लास हवाय. गुरुवारी उपास असतो तिचा. बेरीज 185 झाली आहे, चौदा कमी पडताहेत. समोरच्या काकू दारात उभ्या राहून विचारताहेत, एक पापड टाकू का.

कळावे,
आपली,
एक खातेदार