डासांवरचा धूर आणि माणसांची राख

सप्टेंबर १९९८ मध्ये मलेशियातील इपोह शहराच्या परिसरात डुकरे खोकू लागली आणि त्यांची देखभाल करणारी माणसे मेंदूज्वराने अंथरुणाला खिळली. शासनाचे निदान ठरले : डासांपासून होणारा जपानी मेंदूज्वर. धूर फवारला गेला, लसी टोचल्या गेल्या. माणसे मात्र मरतच राहिली.

काही रुग्णांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराच्या खुणा आढळल्या होत्या, हे खरे. पण जेथे तो रोग पूर्वापार वसलेला आहे, तेथे अशा खुणा मिळणे म्हणजे मृत्यूचे कारण सापडणे नव्हे. तो रोग मुख्यतः मुलांना गाठतो. येथे बळी जात होते ते वराहपालनात राबणारे प्रौढ पुरुष. लस घेतलेलेही सुटत नव्हते. डास काही माणसाचा व्यवसाय विचारून चावत नाही. मग डुकरांशी संबंध नसलेले शेजारी बहुतांशी सुखरूप कसे राहिले? आणि जनावरांच्या त्या खोकल्याचे काय? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याऐवजी फवारणीच वाढवली गेली.

दरम्यान बाजार चालूच होता. बाधित भागातील डुकरांच्या विक्रीबरोबर रोग दक्षिणेस नेग्री सेंबिलान राज्यात पोहोचला, पुढे सिंगापूरच्या कत्तलखान्यातील कामगारांपर्यंत गेला. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील डॉ. चुआ काव बिंग यांनी रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला विषाणू अगदी नवा असल्याचे सिद्ध झाले. सुंगई निपाह या गावावरून त्याचे नाव पडले ‘निपाह’. तो मुळात फळे खाणाऱ्या वटवाघळांचा. मलेशियात सुमारे २६५ माणसे आजारी पडली, १०५ दगावली. दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. हजारोंची उपजीविका बुडाली.

येथे विज्ञान हरले नाही. हरली ती एकदा दिलेले निदान मागे घेण्यास कचरणारी नोकरशाही. जनावरांचा वैद्य एका खात्यात, माणसांचा दुसऱ्या; आणि ज्याच्या डोळ्यांदेखत सारे घडले, तो श्रमिक कोणत्याच खात्यात नाही! आजारी जनावराची वर्दी देणाऱ्याला पुरेशी भरपाई नसेल, तर तो गप्प राहील किंवा जनावर विकून मोकळा होईल. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला?

साथीचा शोध प्रयोगशाळेत पूर्ण होत असेल. त्याचा आरंभ मात्र राबणाऱ्याचे म्हणणे ऐकण्यापासूनच व्हावा लागतो. ते ऐकण्यास लागलेल्या विलंबाची किंमत मलेशियात त्या राबणाऱ्यांनीच प्राण देऊन चुकवली.