नाव आपणच ठेवावं!

सबमिशनची आदली रात्र कशी असते ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. आमच्या प्रोजेक्टचा विषय होता गोसीखुर्द धरण. रिपोर्ट चाळता चाळता रूम पार्टनर ओरडला, "अबे, 1000 मेगावॅट? हे आपलं धरण नाही बे!" त्याचं जुनं गाव याच धरणाच्या पाण्यात गेलेलं. त्याला कोण फसवणार?

घोळ नावाचा होता. गोसीखुर्दचं दुसरं नाव इंदिरासागर. पण मध्य प्रदेशात नर्मदेवरही एक इंदिरासागर आहे, ते 1000 मेगावॅट त्याचे. आपलं धरण वैनगंगेवर, पवनी तालुक्यात, 33 दरवाजांचं; 1988 साली पायाभरणी झालेलं.

आता हे कसं झालं? आम्ही एका साइटवरून डब्ल्यूगेटने भराभर फाइली उतरवल्या. तिथली प्रत्येक लिंक रीडायरेक्ट व्हायची, म्हणजे पत्ता मागितला एक आणि सर्व्हरने पाठवलं दुसऱ्याच पत्त्यावर. फाइल तिथून आली, पण नाव लागलं पहिल्या पत्त्याचं: 'डाउनलोड.पीएचपी?आयडी=17'. सगळ्यांची तीच गत. मग घाईत नुसतं पहिलं पान बघून आम्ही 'इंदिरासागर-1', 'इंदिरासागर-2' अशी नावं ठोकून दिली.

काही जण म्हणतील, दोष टूलचा. मला पटत नाही. 1.12 पर्यंतचं डब्ल्यूगेट रीडायरेक्टनंतरच्या पत्त्याचं नाव घ्यायचं. 2010 साली त्यातला धोका उघड झाला: खोडसाळ सर्व्हर '.डब्ल्यूगेटआरसी' असं नाव पाठवून तुमच्या सेटिंगची फाइलच बदलू शकतो! म्हणून पुढे मागितलेल्या पत्त्याचं नाव ठेवायचं ठरलं. सर्व्हरचंच नाव हवं असेल तर 'ट्रस्ट-सर्व्हर-नेम्स' हा ऑप्शन आहे. पण नावातच ट्रस्ट आहे, तेव्हा ओळखीच्या साइटपुरताच वापरा.

माझं मत विचाराल तर नाव आपणच द्यावं, आणि तेही उतरवतानाच. डब्ल्यूगेटमध्ये त्यासाठी मोठा ओ (छोटा दिला तर त्या नावाची लॉग फाइल बनते!), कर्लमध्ये छोटा ओ, आणि रीडायरेक्टच्या मागे जायला मोठा एल. स्क्रीनवर 'लोकेशन' अशी ओळ येते, तीही वाचा; खरा पत्ता तिथे असतो. नावात नदी, जिल्हा आणि साल घाला. दहा सेकंदांचं काम आहे.

त्या रात्री आम्ही पहाटे चारपर्यंत आकडे बदलत बसलो. पार्टनर नसता तर वैनगंगेचं धरण नर्मदेच्या आकड्यांनी सबमिट झालं असतं. ज्यांची गावं त्या पाण्यात गेली, त्यांच्यासाठी ही नुसती टायपिंगची चूक नसते.