रबरी गांडूळ आणि मरळ

घोडेगावहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला. कांदा मार्केटमध्ये मामूंच्या हाताखाली काम करून त्याने चार पैसे मिळवले आणि त्यातून गळाची काठी व रबरी गांडुळांची तीन पाकिटं मागवली. आई विचारतात : हे जायज आहे का? आणि असल्या रबराला मासा फसतो तरी का?

मासेमारी हलाल आहे, याबद्दल दुमत नाही. पाण्यातली शिकार कुरआनाने सूरह माइदामध्ये हलाल ठरवली आहे आणि माशाला जबह करण्याचीही गरज नाही. मात्र मासा खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी धरावा. नुसत्या गमतीखातर जीव घेणं दीनला पसंत नाही. दुसरी बाब गळाला लावायच्या आमिषाची. जिवंत गांडूळ गळात ओवणं अनेक हनफी उलेमा मकरूह मानतात, कारण मुक्या जिवाला विनाकारण यातना देण्यास हदीसमध्ये मनाई आहे. मेलेलं आमिष चालतं. हे पाहता मुलाने रबरी गांडूळ निवडलं ते आम्हाला उलट बरंच वाटतं.

ही वस्तू तशी स्वयंपाकघरातलीच. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी 1949 मध्ये घरच्या शेगडीवर प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि पहिलं मऊ गांडूळ तयार केलं.

आता मासा फसतो का? फसतो, पण सगळे नाही. कटला आणि रोहू पाण्यातले बारीक जीव व शेवाळ-वनस्पती खातात, रबराकडे ते सहसा ढुंकून पाहत नाहीत. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा. रबरी गांडूळ शिकारी माशांसाठी आहे. आपल्याकडे म्हणजे मुख्यतः मरळ, आणि मोठ्या पाण्यात शिवडा. नवशिके इथेच चुकतात. दिवसभर रोहूच्या जागी रबर टाकत बसतात आणि संध्याकाळी काठीला दोष देतात.

तीन पाकिटं झाली आहेत, आणखी मागवू नयेत. दुकानं पन्नास रंग दाखवतात, ते माशाआधी गिऱ्हाईकाला पकडण्यासाठी असतात. सुरुवातीला पाच इंचांच्या आसपासचं, वळणदार शेपटीचं गांडूळ घ्यावं, म्हणजे हात नवखा असला तरी शेपटी आपोआप हलते. पाणी निवळ असेल तर तपकिरी किंवा हिरवट रंग, गढूळ असेल तर काळा किंवा गडद जांभळा. एवढे दोन रंग पुरेत. गांडुळं मूळ पाकिटातच ठेवावीत. वेगवेगळे रंग एकत्र ठेवले तर ते एकमेकांना लागतात आणि काही टणक प्लास्टिकचे डबे या मऊ प्लास्टिकमुळे विरघळून चिकट होतात.

गळात ओवण्याची पद्धत मात्र नीट शिकावी, सगळं यश तिथेच आहे. आधी तंगूस बंदुकीच्या गोळीसारख्या वजनातून ओवावा, वजनाचं टोक काठीकडे. मग मानेजवळ वाकवलेला गळ बांधावा. दुकानात त्याला ऑफसेट हुक म्हणतात, 2/0 किंवा 3/0 मापाचा पुरतो. गाठ आवळण्याआधी ओली करावी, कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस कमजोर होतो. आता गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढावं. गळाची वाकडी मान डोक्यात बसेपर्यंत गांडूळ वर सरकवावं आणि गळ फिरवून टोक अंगाकडे वळवावं. गळाचा बाक अंगावर कुठे येतो ते पाहून तिथे नखाने खूण करावी, त्याच जागी टोक आरपार घालावं आणि कातडीखाली जरासं लपवावं. टोक लपलं की गळ पाणवनस्पतीत अडकत नाही. मरळ तर गवताच्या कडेलाच दबा धरून बसते.

हातात धरल्यावर गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. गोळा झालेलं किंवा वाकडं असेल तर ते पाण्यात गरगर फिरतं आणि तंगूसला पीळ पडतो. काढून पुन्हा ओवावं, दहा वेळा लागलं तरी. ही तयारी घरात बसून होते, म्हणून आधी रात्री जेवणानंतर सराव करावा.

पाण्यात टाकल्यावर तळाला जाऊ द्यावं, काठीचा शेंडा हळू उचलावा, पुन्हा खाली सोडावा. घाई करू नये. टकटक जाणवली की ढील गुंडाळून जोरात हिसका द्यावा, कारण मरळीचा जबडा टणक असतो आणि टोकाला आधी रबरातूनही बाहेर यायचं असतं. पहाट आणि सांजवेळ चांगली. फजर पढून निघावं, म्हणजे दोन्ही साधतं. संध्याकाळी मात्र मगरिबकडे लक्ष ठेवावं लागेल.

जागेबद्दल आम्ही कडक आहोत. मुळा धरणासारख्या जलाशयांतली मासेमारी सरकार ठेक्याने देते, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना. तिथे न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या हक्कावर हात टाकणं. नाथसागर तर पक्षी अभयारण्यही आहे. गावतळं असो की शेततळं, आधी परवानगी घ्यावी. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांच्या लालसर थव्याभोवती पहारा देते. तो थवा दिसला तर तिथून काठी उचलावी. आईबाप धरले की पिलं इतर माशांच्या तोंडी जातात.

कालव्याच्या उतारावर शेवाळ असतं, एकट्याने जाऊ नये. काठी कार्बनची असेल तर वरच्या विजेच्या तारा पाहूनच उचलावी. कार्बनमधून वीज वाहते. वजन शिशाचं असतं, ते दातांनी दाबू नये, जेवणाआधी हात साबणाने धुवावेत आणि लहान भावंडांच्या हाती ते लागू देऊ नये. तुटलेली गांडुळं पाण्यात न टाकता खिशात घालून घरी आणावीत, मासे ती गिळतात आणि ती पचत नाहीत.

पत्राच्या शेवटी कपड्यांबद्दल विचारलं आहे. हनफी मतानुसार माशाचं रक्त नापाक नाही, त्या कपड्यांवर नमाज होते. शाफई वाचकांनी धुवून घ्यावं. वास मात्र दोघांनीही घालवूनच मशिदीत जावं; कच्चा कांदा-लसूण खाऊन जमाअतीत येऊ नये असं सांगितलं आहे, तोच विचार इथे लागू होतो.