गाडी थांबली, गाठ थांबली नाही

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, प्रवासी रेल्वे बंद झाली. गोंदियाच्या रुग्णाने केमोथेरपीसाठी नागपूर गाठावे कसे? उपचाराने प्रतिकारशक्ती घटते. म्हणून दवाखान्यात जाणे धोक्याचे आणि न जाणेही धोक्याचे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान ४९४ शस्त्रक्रिया केल्या. त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. म्हणजे काळजी घेऊन उपचार शक्य होते. तरीही देशातील ४१ केंद्रांत मेअखेरपर्यंत नवे रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घटले. आजार घटला नव्हता, वाट बंद होती. कोणाला आधी तपासावे, हा प्रश्न डॉक्टरांपुढे होता. दारापर्यंत न पोहोचलेल्याचा विचार कोणी करायचा? आमच्या मते, तो शासनाचा धर्म होता. बंधुभगिनींनो, खर्रा सोडा. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा.