टाइलच्या मागचं बाथरूम

दिवाळीआधीचे दोन महिने म्हणजे सोसायट्यांमधला तोडफोडीचा सीझन. कुठल्या तरी मजल्यावर ड्रिल सुरू असतं, लिफ्टमध्ये सिमेंटची धूळ असते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पाणी कधी येणार?’ हा प्रश्न असतो. यातलं बरंच काम बाथरूमचं असतं. जुना टब काढून शॉवर घ्यायचा, नाहीतर नव्या फ्लॅटमध्ये हौसेने टब बसवायचा. आणि यात आपली पिढी काही नामानिराळी नाही. काळ्या मॅट फिनिशच्या रेन शॉवरचं रील आई-बाबांना कोण फॉरवर्ड करतं? आपणच. तेव्हा घरात आपलं ऐकलं जाणार असेल, तर निदान नीट माहिती घेऊन बोलू. आमचं म्हणणं एवढंच आहे की बाथरूमच्या बजेटमधला पहिला पैसा भिंतीच्या आणि फरशीच्या आत जाणाऱ्या कामाला द्या. टाइल आणि शॉवर उरलेल्या पैशांत बघा. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

आधी टबाबद्दल. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी खरं सांगा, शेवटचं कधी भरला होता? बऱ्याच टबांमध्ये बादली ठेवलेली असते आणि शेजारी भिजवलेले कपडे. याला आळस कारण नाही, साधं गणित आहे. टब नीट भरायला १५० ते २०० लिटर पाणी लागतं. आपल्या बाथरूममधला गिझर असतो १५ लिटरचा, फार तर २५ चा. १५ लिटरच्या गिझरमधलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं आणि नळाचं पाणी २५ अंशांचं असलं, तर अंघोळीजोगं ४० अंशांचं पाणी मिळतं जेमतेम ३५ लिटर. म्हणजे टबात घोटाभर कोमट पाणी. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असा आपल्याकडचा सरकारी मापदंड आहे. एका टबात एका माणसाचा दिवसभराचा वाटा संपतो, तोही मराठवाड्यात टँकर फिरत असताना. त्यामुळे टब घालायचा हट्ट असेल तर आमचा त्याला पाठिंबा नाही, स्पष्टच सांगतो.

टब काढण्याला मात्र आहे. घरात आजी-आजोबा असतील तर विशेष. ओल्या पायाने गुडघ्याएवढा काठ ओलांडून आत-बाहेर करणं साठीनंतर धोक्याचंच. त्या जागी सपाट शॉवर, खरखरीत फरशी आणि भिंतीत पक्की बसवलेली धरायची दांडी असली की घरातल्या सगळ्यांचीच सोय होते. फक्त ‘टब काढला, शॉवर लावला’ हे वाक्य वाटतं तितकं छोटं नाही.

टब हे मुळात एक भांडं आहे. पाणी त्यात साठतं आणि तळाच्या भोकातून जातं. खालची फरशी जवळपास कोरडीच असते. टब काढला की ते भांडं गेलं, आता पाणी थेट फरशीवर पडणार. म्हणजे फरशीला ट्रॅपकडे उतार हवा, मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर तरी. टबाचा ट्रॅप होता तिथेच शॉवरचं पाणी जाईल असं नाही. बऱ्याचदा तो हलवावा लागतो, आणि त्यासाठी खालचा कोबा फोडावा लागतो. ट्रॅप म्हणजे जाळीखालचा तो वाकडा भाग, ज्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि ड्रेनेजचा वास अडवतं. सुट्टीवरून परत आल्यावर बाथरूममध्ये वास येतो ना, तेव्हा ते पाणी सुकलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता, काम झालं. (फिनाइलवर उगाच पैसे घालवू नका.)

फरशी फोडली की जुनं वॉटरप्रूफिंगही तुटतं. इथे खरी गोम आहे. नवं वॉटरप्रूफिंग नुसत्या फरशीवर करून भागत नाही, शॉवरच्या बाजूच्या भिंतीवरही ते वर न्यावं लागतं, कारण टाइलमधल्या ग्राउटमधून पाणी झिरपतंच. ते झाल्यावर ट्रॅपला बूच मारून फरशीवर पाणी भरून ठेवायचं, किमान २४ तास, आणि खालच्या घरी जाऊन छत बघून यायचं. पाइपांचंही तसंच. सगळी टोकं बंद करून हातपंपाने दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. या दोन चाचण्यांना जास्तीचं सामान फारसं लागत नाही. लागतात दोन दिवस. आणि तेच दोन दिवस घरमालकाला द्यायचे नसतात, कारण टाइलवाला उद्या सकाळी येणार असतो आणि लक्ष्मीपूजन बुधवारी असतं.

मग पावसाळ्यानंतर खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला पोपडे येतात. आपल्या बाथरूममधून खाली गळत असेल तर त्या दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या फंडातून होत नाही, तो त्या फ्लॅटवाल्याच्या खिशातून जातो. पैशांचं एक वेळ जाऊ दे. दोन मजल्यांमधला अबोला वर्षानुवर्षं टिकतो.

आता रीलमधल्या त्या रेन शॉवरकडे येऊ. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी स्वतःच्या उंचीच्या जोरावर खाली येतं. १० मीटर उंचीला साधारण एक बार दाब, असा हिशोब. सर्वात वरच्या मजल्यावर टाकी आणि शॉवर यांत तीन मीटर अंतर असेल तर दाब ०.३ बार. मोठ्या तबकडीच्या शॉवरला एक बारच्या आसपास लागतो. तो नसला की पाऊस पडत नाही, पागोळ्या गळतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या मित्राकडे तोच शॉवर मस्त चालतो, यात कंपनीचा दोष नाही. प्रेशर पंप लावता येतो, पण तो टाकीकडून येणाऱ्या लाइनवर. महापालिकेच्या लाइनला थेट पंप जोडणं हा गुन्हा आहे, आणि टाकीकडून येणारा पाइप शेजाऱ्यांसोबत सामाईक असेल तर आधी सोसायटीला विचारा. पंप लावताना गार पाण्याला दाब दिला आणि गिझरच्या लाइनला नाही, असंही करतात लोक. मग मिक्सरमध्ये गार पाणी गरम पाण्याला मागे ढकलतं आणि डोक्यावर कधी बर्फ, कधी चटका.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल आणि खिडकी नेहमी बंद असेल, तर तिथे शॉवर घेऊ नका. गॅस जळताना आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बादली भरली की आपण गिझर बंद करतो, शॉवरखाली तो पंधरा मिनिटं पेटलेलाच राहतो. आपल्या राज्यात यातून तरुण मुलामुलींचे जीव गेलेत, दर हिवाळ्यात बातम्या येतात. गिझर बाहेर हलवून द्यायला घरमालकाला सांगा. डिपॉझिट अडवेल म्हणून गप्प बसण्यासारखी ही गोष्ट नाही.

हे सगळं ज्याला कळतं त्या माणसाशी आपण कसं वागतो? मुंबई-पुण्यात काम करणारे कितीतरी प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले आहेत. तिथल्या पट्टामुंडाई भागात हे काम बापाकडून मुलाकडे, गावातल्या दादाकडून धाकट्याकडे जात आलंय, आणि आता तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. आपल्या आयटीआयमध्ये प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा आहे. आपण मात्र तीन वर्षांची पदवी घेऊन, वर आणखी दोन वर्षांचा विचार करत बसतो आणि घरातला मेन कॉक कुठे आहे ते विचारलं की आईला हाक मारतो. शोरूममध्ये शॉवरच्या एमआरपीवर मिळेल ती सूट घेऊन गुपचूप कार्ड स्वाइप करणारे बाबा घरी आल्यावर पॉइंटमागच्या मजुरीवर अर्धा तास घासाघीस करतात. मजुरी कमी केली की माणूस वेळ कमी देतो. आणि कापला जातो तो चाचणीचाच वेळ, कारण तो टाइलच्या मागे कुणाला दिसत नाही.

त्याला निवांत विचारा: दादा, गरम पाण्याला कुठला पाइप घालताय? (सीपीव्हीसी म्हणाला तर ठीक. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही.) डायव्हर्टर खराब झाला तर टाइल न फोडता काढता येईल का? बाथरूमपुरता वेगळा कॉक देताय ना? चांगल्या प्लंबरला असे प्रश्न आवडतात, उत्तर देताना तो हमखास पेन्सिल काढून भिंतीवर चित्र काढायला लागतो. ज्याला राग येतो, त्याच्याबद्दल घरच्यांशी पुन्हा बोला.

आणि टाइल लागण्याआधी मोबाइल काढा. प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी लावून, कोपऱ्यापासूनचं आणि फरशीपासूनचं अंतर दिसेल असा फोटो घ्या. तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली हरवेल. प्रिंट काढून फ्लॅटच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी कोणी आरसा लावायला ड्रिल घेऊन आलं की पाइप कुठून गेलाय ते त्याला दाखवता येईल.